सहा लाखांचं कोटेशन आणि सहावीचे अपूर्णांक

प्रश्न: शाहूवाडी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलची मी मुख्याध्यापिका. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, पट ३७२. माजी विद्यार्थ्यांनी शाळा ‘डिजिटल’ करण्यासाठी सहा लाख रुपये जमवले आहेत. दिवाळीआधी कोल्हापुरातल्या एका विक्रेत्यानं शाळेत येऊन प्रात्यक्षिक दाखवलं, मुलं हरखून गेली आणि दुसऱ्याच दिवशी कोटेशन आलं. ७५ इंची टच पॅनेल दोन, ३,१०,००० रुपये. टॅब्लेट पंधरा, १,६५,०००. वाचन-गणिताचं एआय ॲप पाचवी-सहावीच्या १२४ मुलांसाठी, प्रत्येकी वर्षाला ७५० प्रमाणे ९३,०००. व्हीआर (आभासी दृश्यं दाखवणारा) चष्मा एक, ३२,०००. संस्थेच्या सचिवांना २६ जानेवारीला उद्घाटन करायचंय. स्टाफपैकी निम्मे उत्साहात आहेत, निम्मे म्हणतात, आधीचा संगणक कक्षच धूळ खात पडलाय. इकडे सहावीच्या निम्म्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज जमत नाही आणि पाचवीतली दहा-बारा मुलं अजून अडखळत वाचतात. यातलं खरंच उपयोगी काय, हे पैसे देण्याआधी आमच्या पातळीवर कसं ठरवायचं?

बाई, नमस्कार.

कोटेशनची बेरीज करून पाहिली. बरोब्बर सहा लाख होते. देणगीचा आकडा आधी कानावर गेला की कोटेशन असंच मापात शिवून येतं. त्यात वायरिंग नाही, अर्थिंग नाही, इन्व्हर्टर नाही. ॲपचं दुसऱ्या वर्षाचं शुल्कही नाही. दर वाढला नाही असं धरलं तरी ॲपचे पाच वर्षांचे ४,६५,००० होतात आणि माजी विद्यार्थ्यांची वर्गणी काही दरवर्षी येणार नाही. हा आकडा आधी सचिवांसमोर ठेवा.

तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. सहावीचे अपूर्णांक आणि पाचवीचं वाचन. मूल्यमापन तिथूनच सुरू करा. ‘पॅनेल चांगलं आहे का’ या प्रश्नाला विक्रेत्याकडे नेहमी ‘हो’ हेच उत्तर असतं. ‘या वस्तूनं सहा आठवड्यांत सहावीची किती मुलं भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज करू लागतील, आणि तेवढ्याच तासिकांत वस्तूशिवाय किती करू लागली असती’ असं विचारलं की बोलणं लगेच जमिनीवर येतं. यातला दुसरा भाग बहुतेक शाळा विसरतात. तुलना ‘काहीच न करण्याशी’ करायची नसते, स्वस्तातल्या स्वस्त पर्यायाशी करायची असते. इथं तो पर्याय म्हणजे मुलांचे पातळीनुसार तीन गट, कागदाच्या पट्ट्या, शिक्षक आणि तेवढाच वेळ.

अभ्यासांमधून जे पुढं आलंय ते थोडक्यात सांगतो. पेरू देशात लाखो लॅपटॉप वाटले गेले. ते शिकवण्याच्या पद्धतीत बसवले नव्हते आणि मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. गुजरातमध्ये एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. शिक्षकाच्या तासाऐवजी दिला तिथं मुलं मागे पडली, शाळेबाहेरच्या वेळेत जादा म्हणून दिला तिथं फायदा झाला. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर मुलाच्या पातळीनुसार प्रश्न बदलणारं सॉफ्टवेअर आणि सोबत लहान गटाला शिकवणारा माणूस, असं साडेचार महिने चाललं. त्यात गणितात आणि हिंदीत, दोन्हीकडे चांगली वाढ दिसली. तुमच्या कामाचा धागा एवढाच की सहावीच्या वर्गात बसलेल्या पण तिसरीच्या पातळीवर अडकलेल्या मुलाला तिसरीचा प्रश्न मिळाला, तर यंत्राचा उपयोग होतो. सगळ्या वर्गाला एकच व्हिडिओ मोठा करून दाखवला, तर फळा फक्त महाग होतो.

आता एकेक वस्तू घेऊ. व्हीआर चष्मा आधी बाजूला काढतो, कारण त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. एका तुकडीत ३१ मुलं, प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे ९३ मिनिटं. तुमची तासिका ३५ मिनिटांची. चष्मा डोळ्यांवर असलेल्या मुलासोबत एक मोठं माणूस उभं लागतं, मधे पुसायला वेळ जातो, काही मुलांना गरगरतं. पाचवी-सहावीच्या वयाला बऱ्याच कंपन्यांच्याच सूचना आड येतात. ३२,००० वाचले.

पॅनेलची परीक्षा तुम्ही स्वतः, फुकटात आणि अर्ध्या तासात करू शकता. नियम सोपा आहे: साधा मजकूर वाचायचा असेल तर शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. बारकी आकृती किंवा नकाशा असेल तर चौपटच. ७५ इंच हा कर्णाचा आकडा आहे, पडद्याची उंची भरते साधारण ९३ सेंटिमीटर. सहापट म्हणजे ५.६ मीटर, जवळजवळ साडेअठरा फूट. टेप घेऊन फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत मोजा. २५ फुटी खोलीत ते अंतर सहज २१-२२ फूट भरतं. म्हणजे मागच्या दोन रांगांना छोटी अक्षरं दिसणार नाहीत, आणि त्या रांगांत सहसा कोण बसतं हे तुम्हाला सांगायला नको.

देवनागरीत आधी वेलांट्या आणि अनुस्वार गळतात, अक्षराचा आकार नंतर. म्हणून विक्रेत्याला पुन्हा बोलवा आणि पडद्यावर तुमच्याच पाठ्यपुस्तकाचं पान उघडायला सांगा, त्यांची चकचकीत चित्रफीत नको. शेजारी पुस्तकाएवढ्याच दिसणाऱ्या टंकात हे शब्द लिहा: दिन, दीन, मद, मंद, सुत, सूत, पिक, पीक. शेवटच्या बाकावरच्या पाच मुलांना आणि पुढच्या रांगेत अगदी कडेला बसणाऱ्या दोघांना ते वहीत उतरवायला सांगा. बोलून दाखवायला सांगू नका, एकाचं ऐकून दुसरा बोलतो. ही चाचणी दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान, खिडक्या उघड्या ठेवून घ्या. संध्याकाळी पडदे ओढून घेतलेल्या प्रात्यक्षिकात सगळंच झळाळतं. सातांपैकी दोघांच्या वेलांट्या चुकल्या तर एकतर बाकं पुढं ओढा, नाहीतर पॅनेल दुसऱ्या खोलीत लावायचा विचार करा.

पॅनेल घ्यायचंच झालं तर कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी मागा. पहिली, आतल्या अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार. दुसरी, गूगलचं ईडीएलए प्रमाणपत्र आहे का. ते नसेल तर प्ले स्टोअर अधिकृतपणे मिळत नाही, ॲप आडमार्गानं टाकावी लागतात आणि दोन वर्षांत ती एकेक करून बंद पडतात. तिसरी, इंजिनिअर कुठून येणार. कोल्हापुरातून येणार असेल तर ४८ तासांची अट घालता येते. पुण्याहून येणार असेल तर परीक्षेच्या महिन्यात पॅनेल बंद पडलं की ते बंदच राहिलं असं समजा. काच फुटली तर ती वॉरंटीत बसते का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी बसत नाही.

विजेचं काम मात्र कोटेशनच्या आधी. ७५ इंची पॅनेल साधारण २५० ते ३५० वॉट घेतं, नेमका आकडा मागच्या पाटीवर असतो. ३०० वॉट धरले आणि वीज गेल्यावर दोन तास चालवायचं म्हटलं तर ६०० वॉट-तास लागतात. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी कागदावर १,८०० देते. पण बॅटरी टिकवायची तर निम्म्यापर्यंतच उतरवायची, म्हणजे ९००. त्यातले पंधरा-वीस टक्के इन्व्हर्टर खातो, हातात उरतात सव्वासातशे-साडेसातशे. म्हणजे एका पॅनेलला एक बॅटरी, त्यावर पंखे जोडायचे नाहीत. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पॅनेलचा पॉवर सप्लाय तापतो.

गावातल्या वायरमनला मीटर घेऊन बोलवा आणि त्या खोलीच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्ट चालतील. पाचच्या वर गेला तर वायरिंग आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्यावं लागेल. तुमच्या पश्चिम भागात जांभ्या दगडाची जमीन आहे. पावसाळ्यात केलेलं अर्थिंग तेव्हा छान दाखवतं, एप्रिलमध्ये जमीन वाळली की त्यात काही राहत नाही. आणि नेमका तेव्हाच वळीव गडगडतो. म्हणून मोजणी कोरड्या दिवसांत करा, खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी शिपायांच्या कामाच्या यादीत लिहा, आणि आभाळ भरून आलं की बटण बंद करण्यावर भागवू नका, पिन सॉकेटमधून काढून ठेवा. इंटरनेटची केबलही काढा. बरेच पॅनेल विजेच्या तारेतून नाही, त्या केबलमधून जळतात. (शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या शाळांनी हे वाचताना आणखी एक ध्यानात घ्यावं. २०१९ चं आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ती खूण भिंतीवर असेलच, सगळी यंत्रं त्याच्या वरच्या मजल्यावर.)

आता ॲप. इथं जरा थांबतो, कारण तुमच्या पाचवीच्या मुलांचं बरं-वाईट यातच आहे.

वाचनाचं ॲप मुलाचा आवाज ऐकून ‘बरोबर’ की ‘चूक’ ठरवतं. ही यंत्रणा बहुधा मोठ्या माणसांच्या, शहरी मराठीतल्या आवाजांवर तयार झालेली असते. तुमच्याकडचं मूल ‘पाणी’चं ‘पानी’ म्हणतं, ‘आणि’चं ‘आनि’ म्हणतं, आणि ‘आहे’ दिसलं की ‘हाय’ वाचतं. हे शेवटचं नीट बघा. ‘हाय’ वाचणाऱ्या मुलानं शब्द ओळखला, त्याचा अर्थ लावला आणि आपल्या बोलीत सांगितला. हे मूल वाचतंय. शेजारचं मूल ‘आहे’वर अडकून गप्प बसलं, ते वाचत नाहीये. ॲप दोघांनाही लाल फुली देतं. पहिल्या मुलाला आठवडाभर अशा फुल्या मिळाल्या की ते पुटपुटायला लागतं, मग ॲपला आणखी ऐकू येत नाही, आणि फुल्या वाढत जातात.

त्यामुळं विकत घेण्याआधी ही चाचणी कराच. पाचवीतली बारा मुलं निवडा: चार सफाईनं वाचणारी, चार मध्यम, चार अडखळणारी. पाठ्यपुस्तकातला साठ शब्दांचा उतारा छापून घ्या. प्रत्येक मूल तो ॲपसमोर वाचेल, शेजारी मराठीच्या बाई कागदावर स्वतःच्या खुणा करतील. बारा गुणिले साठ, म्हणजे ७२० शब्द. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून दोन आकडे काढा: बाईंनी बरोबर म्हटलेल्यांपैकी किती शब्द ॲपनं चूक ठरवले, आणि बाईंनी चूक म्हटलेल्यांपैकी किती ॲपनं बरोबर म्हणून सोडले. आमच्या मते पहिला आकडा शंभरात पाचच्या वर गेला तर ॲप मुलांच्या हाती देऊ नये. हा आकडा सफाईनं वाचणाऱ्या आणि अडखळणाऱ्या मुलांचा वेगवेगळा काढा. सरासरी छान दिसते आणि ज्यांच्यासाठी ॲप आणायचं त्याच चौघांशी ते सगळ्यात वाईट वागत असतं, असं होतं. चाचणी नेहमीच्या वर्गात घ्या, पंखा चालू, शेजारच्या वर्गात पाढे चालू. ऑफिसच्या शांततेत घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

लिपीही तपासा. पडद्यावरचा ल पाकळीचा आणि श देठाचा आहे ना, की हिंदी वळणाचा? ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यातला ऱ नीट उमटतो का? मोठ्यांना हे चालून जातं, अडखळत वाचणाऱ्या मुलाला प्रत्येक अनोळखी वळण म्हणजे नवं अक्षर. आकडे बोलून उत्तर द्यायचं असेल तर ‘सत्त्याहत्तर’ आणि ‘सत्तर सात’ दोन्ही म्हणून बघा. बालभारतीच्या पुस्तकात २०१९ पासून दुसरी पद्धतही आली आहे आणि तुमच्या वर्गात दोन्ही बोलणारी मुलं असणार.

गणिताच्या भागाची पारख मुलांच्या चुकांवर होते. ॲपला बरोबर उत्तरं देऊन काही कळत नाही, त्यामुळं चुकीची उत्तरं द्या, आणि तीही मुलं खरोखर करतात तशी. १/३ + १/४ = २/७ असं लिहा. चांगलं ॲप ओळखतं की मुलानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय, आणि त्याला समान छेदाकडं नेतं. वाईट ॲप ‘चूक, उत्तर ७/१२’ एवढं सांगून पुढच्या उदाहरणावर उडी मारतं. दुसरं, ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं असं लिहा. मूल ३५ आणि ४ ची तुलना करतंय, हे ॲपला उमगतं का? तिसरं, ६ बाय ४ च्या आयताचं क्षेत्रफळ २० लिहा. ती परिमिती आहे. हे ॲपनं म्हटलं तर त्याला थोडीफार समज आहे.

भाषांतराची चोरी पकडायला परिभाषा बघा. ॲप किंवा चॅटबॉट मराठीत बोलता बोलता ‘लघुत्तम समापवर्त्य’ म्हणाला तर तो हिंदीतून उचलतोय. आपला लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. अपूर्णांकाला ‘भिन्न’, परिमितीला ‘परिमाप’, पेशीला ‘कोशिका’, घनतेला ‘घनत्व’ असे शब्द दिसले की तेवढ्या खुणा करत जा. पाठ्यपुस्तकातले तीस प्रश्न विचारा आणि चार रकाने आखा: बरोबर आणि इयत्तेच्या भाषेत, बरोबर पण डोक्यावरून जाणारं, परिभाषा परकी, चुकीचं. शेवटच्या रकान्यात तीसपैकी दोनच आली तरी ते मुलांच्या हाती एकटं देऊ नका. शिक्षकांनी प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा करायला वापरायला हरकत नाही, मात्र उत्तरसूची स्वतः सोडवून. तुमच्या स्टाफमधले जे निम्मे उत्साहात आहेत त्यांना हे काम द्या. मजा येते आणि विक्रेत्याला विचारायचे प्रश्नही आपोआप तयार होतात.

मुलांची माहिती देताना हात आखडता घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती ही अपेक्षा आहे. चाचणीत नाव, आधार, अपार (विद्यार्थ्याचा ओळख) क्रमांक, पालकांचा मोबाइल यातलं काहीही भरू नका. ‘६अ-०१’ असे संकेत द्या, खरी यादी तुमच्या कपाटात. आवाजाच्या ध्वनिफिती कुठं साठतात, किती दिवस, आणि करार संपल्यावर पुसल्याचं लेखी मिळेल का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर धरू नका.

टॅब्लेट पंधरा आणि मुलं ३१, म्हणजे दोघांत एक, एका ठिकाणी तिघांत. तासाला मागं उभं राहून दर दोन मिनिटांनी एवढंच लिहा: बोट कुणाचं आहे. एका हुशार-एका कच्च्याची जोडी लावली की तासाअखेर बहुतेक खुणा एकाच नावापुढं दिसतात, दुसरा नुसता बघत असतो. जोड्या सारख्या पातळीच्या लावा आणि दर पाच मिनिटांनी टाळी वाजवून हात बदला. त्याचबरोबर घड्याळ लावा: घंटेपासून पहिल्या मुलानं पहिलं उदाहरण सोडवायला घेईपर्यंत किती मिनिटं गेली? वाटणं चार, लॉगिन सहा, शेवटी गोळा करणं चार असं धरलं तर ३५ पैकी हातात २१ राहिली. टॅब्लेटवर क्रमांकाचे स्टिकर, लॉगिन आधीच करून ठेवलेलं आणि वाटपाला दोन ठरलेली मुलं, एवढ्यावर पहिल्या दहांची पाच होतात. तरीही तिसऱ्या आठवड्यात हीच रड असेल तर वेळापत्रकात जोडतास द्यावा लागेल, आणि तो कुठल्या विषयातून कापणार हे आधी ठरवा.

नेटची परीक्षा शाळेच्या वेळेत, साडेअकराच्या सुमाराला. पंधरा टॅब्लेटवर साधा ४८० पिक्सेलचा व्हिडिओ चालला तरी वीस एमबीपीएसच्या आसपास लागतात आणि मोबाइलचा हॉटस्पॉट साधारण दहा उपकरणांवर मान टाकतो. म्हणून टॅब्लेट एअरप्लेन मोडवर टाकून बघा, ॲप काय करतं. नुसतं चक्र फिरत बसलं तर आंबा घाटाकडच्या शाळेला ते काय कामाचं.

चाचणीची रचना अशी करा. तुमच्याकडे ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्या आहेत, त्याचा फायदा घ्या. पहिले तीन आठवडे सहावी ‘अ’ अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी टॅब्लेटवर करेल, ‘ब’ कागदाच्या पट्ट्या आणि गट पाडून. पुढचे तीन आठवडे दशांश अपूर्णांक, आणि अदलाबदल: ‘ब’कडे टॅब्लेट. दोन्हीकडे तासिका सारख्याच, एकही जास्त नाही. शिक्षक वेगवेगळे असले तरी अदलाबदलीमुळं त्यांचा प्रभाव बराचसा फिटतो. टॅब्लेट आत्ता नसतील तर विक्रेत्याकडे सहा आठवड्यांसाठी मागा. नाही म्हणाला तर धूळ खाणारा संगणक कक्ष झाडून घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही.

सुरुवातीला, शेवटी आणि संपल्यावर तीन आठवड्यांनी, न सांगता, वीस गुणांची चाचणी. काठिण्य सारखं, आकडे वेगळे. ती त्या दोन्ही तुकड्यांना न शिकवणाऱ्या शिक्षकांनी काढायची आणि तपासायची. पाचवीच्या वाचनासाठी प्रथम संस्थेचं ‘असर’चं एक पानी साधन वापरा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

निकाल वाचताना एक हिशेब हाताशी ठेवा. तुकडीत गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, चारच्या आसपास असेल आणि दोन्हीकडे तीस-तीस मुलं असतील, तर काहीही न करता निव्वळ योगायोगानं सरासरीत दोन गुणांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून टॅब्लेटवाल्या तुकडीचे दीड गुण वाढले म्हणून पेढे वाटू नका. दोनाच्या वर, दोन्ही फेऱ्यांत, आणि तीन आठवड्यांनंतरही टिकलेला फरक असेल तरच त्यावर पैसे लावा. आणि खालच्या दहा मुलांचे गुण वेगळे काढा. गैरहजेरीही लिहा, उसाच्या हंगामात मोठी भावंडं रानात गेली की धाकटीही घरी राहतात. निम्म्याहून कमी तासांना बसलेल्या मुलाचे गुण दोन्ही बाजूंनी वगळा.

नोव्हेंबरच्या शेवटी सुरुवात केली तरी सहल, स्नेहसंमेलन धरून शेवटची चाचणी जानेवारीअखेर जाते. २६ जानेवारी जमणार नाही. सचिवांना १ मे सुचवा, निकालासाठी पालक शाळेत आलेलेच असतात.

आमचा सल्ला विचाराल तर सहा लाखांपैकी पहिले सत्तर हजार वायरिंग, अर्थिंग आणि इन्व्हर्टरसाठी बाजूला ठेवा. पॅनेल एकच, आणि तेही ज्या खोलीत वेलांटीची चाचणी पास झाली तिथं. आठवी ते दहावीचं विज्ञान-भूमिती तिथं आळीपाळीनं होऊ दे. टॅब्लेट चाचणीत टिकले तर पंधरा, नाही टिकले तर शून्य. ॲपचं पैसे भरून वर्षाचं वर्गणीपत्र आत्ता नको, तीन महिन्यांचं मागा आणि फक्त अडखळणाऱ्या मुलांपुरतं. बाकीची रक्कम शाळेच्या खात्यात मुदत ठेवीत टाका. देणगीदारांना सांगताना ‘पैसे उरले’ म्हणू नका, ‘तिसऱ्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी राखलेत’ म्हणा. ते खरंही आहे. विक्रेत्याचं बिल तीन टप्प्यांत द्या: बसवून चालू झाल्यावर साठ टक्के, महिनाभर विनातक्रार चालल्यावर तीस, वर्षानं दहा. शेवटचे दहा टक्के अडकले असले की फोन लगेच उचलला जातो.

टॅब्लेट घेतलेच तर उन्हाळी सुट्टीत ते पूर्ण उतरलेल्या अवस्थेत कपाटात कोंडू नका, लिथियमच्या बॅटऱ्या तशा पडून मरतात आणि काही फुगतात. एप्रिलअखेर ५० टक्के चार्ज करून, बंद करून, पत्र्याखाली नाही तर स्लॅबच्या खोलीत ठेवा, आणि मेच्या शेवटी कुणीतरी एकदा येऊन पुन्हा ५० पर्यंत आणावं. त्या माणसाचं नाव आत्ताच डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूच्या नोंदीसमोर लिहून ठेवा.